ज्वालेचा अभ्यास आणि शास्त्रीय मंडळे



शोध लावतो तो एकटा माणूस. मग शास्त्रीय मंडळे, त्यांच्या सभा आणि वर्गण्या हा खटाटोप कशासाठी, असे आम्हांस पुष्कळदा विचारण्यात येते. ज्वलनशास्त्राच्या इतिहासातील एक प्रकरण याचे उत्तर देते.

२५ मे १८१२ रोजी इंग्लंडच्या ईशान्य भागात फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ९२ जण दगावले. त्यांत लहान मुलेही होती. खाणीत साचणारा मिथेन वायू उघड्या दिव्याने पेटे. जॉन हॉजसन या धर्मोपदेशकाने दुर्घटनेची साद्यंत हकीगत छापली. पुढे १८१३ साली असे अपघात टाळण्यासाठी संडरलंड येथे मंडळ स्थापन झाले. त्याने हा प्रश्न जाणत्यांपर्यंत नेला. १८१५ साली हम्फ्री डेव्हीला साकडे घालण्यात आले. हॉजसनने खाणीतील वायू बाटल्यांत भरून लंडनला पाठविला.

धातूच्या अरुंद नळीतून ज्वाला पलीकडे जात नाही, कारण तिची उष्णता धातू काढून घेतो, असे डेव्हीला प्रयोगांत आढळले. हे प्रयोग त्याने नोव्हेंबर १८१५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. बारीक तारेच्या जाळीनेही तेच साधते, हे दिसताच जाळीचा दिवा तयार झाला आणि जानेवारी १८१६ मध्ये खाणीत उतरला. डेव्हीने त्याचे पेटंट घेतले नाही. त्याच सुमारास जॉर्ज स्टीफन्सननेही स्वतंत्रपणे दिवा बनविला होता, हे खरे. परंतु ज्वाला का थांबते, हे ज्ञान सर्वांच्या मालकीचे झाले ते सभेपुढे मांडले गेल्यामुळे.

मग मृत्यू थांबले काय? नाही. वाऱ्याचा जोर असला की ज्वाला जाळीबाहेर येई; शिवाय दिव्याच्या भरवशावर अधिक वायूच्या खाणी खोदल्या गेल्या. म्हणूनच एका शोधानंतर मंडळाचे काम संपत नाही. अमेरिकेत १९२८ पासून ज्वलनविषयक परिषदा अधूनमधून भरत. त्यांतून १९५४ साली ‘कम्बश्चन इन्स्टिट्यूट’ उभी राहिली. तेव्हापासून तिची परिषद साधारण दर दोन वर्षांनी भरते, आणि इंजिने, अग्निबाण व आगी यांचे अभ्यासक तेथे एकमेकांचे निष्कर्ष पारखून घेतात.

शोध एकट्याला लागेलही. पण प्रश्न वाहून आणणे, उत्तर तपासणे आणि ते सर्वांच्या हाती देणे हे अनेकांचे काम आहे. आपल्या गावच्या मंडळांना वर्गणी देताना एवढे ध्यानी ठेवावे, इतकीच आमची विनंती आहे.