किल्ल्यावरील दिवे
(मंडळाच्या दिवाळी किल्ले-स्पर्धेच्या पारितोषिक-वितरणप्रसंगी केलेले भाषण)



केंद्र सरकारच्या सेवेत बदलीमागून बदली होत गेली, प्रांत पालटत गेले. परंतु जेथे जेथे मराठी मंडळ भेटले, तेथे तेथे दिवाळीत मातीचा किल्लाही भेटला. हा ढिगारा कशासाठी, असे शेजारी कुतूहलाने विचारतात आणि त्यांना उत्तर देता देता आपली मुले रायगड, प्रतापगड ही नावे शिकतात. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत ही प्रथा टिकली पाहिजे, आणि निर्धोकपणे टिकली पाहिजे. मी विज्ञानाचा नव्हे, कलाशाखेचा पदवीधर. तेव्हा मी सांगेन तो हिशेब वाणसामानाच्या यादीहून अवघड असणार नाही.

आपला किल्ला ओला असतो. आळीव उगवावेत म्हणून आपण त्यावर पाणी शिंपडतो आणि त्याच मातीवर विजेची माळ सोडतो. बाजारातील पुष्कळशा माळा थेट २३० व्होल्टवर चालतात. दिवे इवलेसे असले, म्हणून तारेतील विद्युत्दाब कमी होत नाही. तार कोठे सोललेली असली, तर बुरुजावर मावळा ठेवणाऱ्या मुलाच्या जिवावर बेतू शकते.

याला सोपा पर्याय आहे तो बॅटरीवरील सुट्या एलईडी दिव्यांचा. दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली अमेरिकेत तयार केला. कार्यक्षम निळा दिवा साधण्यास आणखी तीस वर्षे लागली. त्यातूनच आजचा पांढरा दिवा आला आणि अकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तीन पेन्सिल सेल एकापुढे एक जोडले की साडेचार व्होल्ट मिळतात. पांढऱ्या किंवा पिवळसर-पांढऱ्या दिव्यास सुमारे तीन व्होल्ट लागतात. उरलेला दीड व्होल्ट अडवण्यासाठी प्रत्येक दिव्याबरोबर एक रेझिस्टर, म्हणजे रोध, जोडावा. उरलेल्या व्होल्टला रोधाच्या ओहमने भागले की विद्युत्धारा कळते. १५० ओहमचा रोध घातल्यास १० मिलिअँपिअर धारा वाहते. दिव्याचा लांब पाय धन बाजूस जोडावा. उलट जोडल्यास तो लागत नाही.

सर्व दिव्यांना मिळून एकच रोध लावण्याचा मोह टाळावा. लाल दिव्यास दोनच व्होल्ट पुरतात. तो पांढऱ्या दिव्याशेजारी समांतर जोडून दोघांत एकच रोध ठेवला, तर लाल दिवा बहुतेक सारी धारा ओढून घेतो आणि पांढरा अंधारात राहतो.

आता प्रमाणाविषयी. किल्ला शंभरास एक या प्रमाणात केला, तर तीन मीटर उंचीचा दरवाजा तीन सेंटिमीटरचा होतो. त्याच्याशेजारी ३ मिलिमीटरचा दिवा म्हणजे ३० सेंटिमीटरची ज्योत. मशाल म्हणून ती शोभते. ५ मिलिमीटरचा दिवा मात्र अर्ध्या मीटरचा गोळा दिसेल. प्रकाशही मंद हवा. १५० ऐवजी ४७० ओहमचा रोध घातल्यास धारा तीन-चार मिलिअँपिअरवर येते आणि दिवा मशालीसारखा शांत दिसतो.

यात काटकसरही आहे. असे बारा दिवे मिळून पन्नास मिलिअँपिअरहूनही कमी धारा घेतात. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलची क्षमता सुमारे २००० मिलिअँपिअर-तास असते. पाच दिवस, रोज चार तास म्हटले तरी वीसच तास होतात; म्हणजे सेलचा एक संच दिवाळीस पुरून उरतो. सेलची पेटी मात्र मातीत पुरू नये. ती कोरड्या पाटावर ठेवावी आणि तारांचे सांधे चिकटपट्टीने झाकावेत.

पालकांना माझी एक विनंती आहे. हे दिवे तुम्ही जोडून देऊ नका. आपण शेजारी बसावे आणि भागाकार मुलांना करू द्यावा. ज्या हातांनी तट रचला, त्याच हातांनी तटावरील मशाल लागली, म्हणजे तो किल्ला खऱ्या अर्थाने त्या मुलांचा होतो. पुढील वर्षीच्या स्पर्धेत एकही किल्ला घरातील विजेच्या तारेस जोडलेला नसावा, असा नियम मंडळाने करावा, अशी सूचना मांडतो.