लाटांचा खंड कोणाच्या पदरात?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



समुद्रकाठच्या आलिशान बंगल्याचे भाडे हा अभ्यासवर्गाचा विषय कसा, असे काहींनी विचारले. असले बंगले घेणारे आपण नव्हे, हे खरे. परंतु त्या बंगल्यातल्या चादरी बदलणारी स्त्री रात्री कोठे झोपते, हा प्रश्न मात्र आपलाच आहे.

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीच्या अगदी पूर्व टोकाला बायरन बे नावाचे गाव आहे. आरंभी ते कष्टकऱ्यांचे गाव होते. लोण्याचा कारखाना होता, कत्तलखाना होता; १९५४ ते १९६२ या काळात देवमाशांच्या शिकारीचे केंद्रही तेथे चालले. कत्तलखाना १९८३ साली बंद पडला. दरम्यान फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होणारे तरुण, म्हणजे सर्फिंगवाले, येऊ लागले होते. ही फाटक्या खिशाची पोरे होती. पैसा त्यांच्या मागून आला.

तेथील वाटेगोस या चौपाटीचे नाव ध्यानात ठेवा. क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांसाठी १८६३ पासून पुढील चार दशकांत पॅसिफिक बेटांवरून सुमारे ६२,००० मजूर आणले गेले. त्यांतले कित्येक फसवून वा पळवून आणलेले. मॉरिशसला गेलेल्या आपल्या गिरमिट्यांचीच ही भावंडे. पुढे १९०१ च्या कायद्याने त्यांपैकी बहुतेकांना हाकलण्याचे ठरले. जे राहिले त्यांच्या वंशातील वाटेगोस कुटुंब या चौपाटीवरील उतारावर केळी आणि भाजीपाला पिकवीत असे. आज त्याच उतारावरची घरे देशातील अतिशय महागड्या घरांत मोडतात. आणि या सर्वांच्या आधी ती भूमी अराक्वाल आदिवासींची होती, हे विसरून चालणार नाही.

आता रिकार्डोकडे वळू. १८१७ च्या ग्रंथात त्याने खंडाचा सिद्धांत मांडला. भिंती, पोहण्याचा तलाव, पलंग, साफसफाई यांचा खर्च समुद्रापासून पन्नास मैल आत गेलात तरी फारसा बदलत नाही. मग एका रात्रीच्या दरात एवढे अंतर का? ते अंतर लाटेचे, सार्वजनिक पैशाने बांधलेल्या रस्त्याचे, राखलेल्या जंगलाचे. यातले काहीही बंगल्याच्या मालकाने निर्माण केलेले नाही. बोलीभाषेत आपण याला भाडे म्हणतो. पण त्याचा मोठा हिस्सा खंड आहे, आणि आपल्या कुळांना तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.

परिणाम काय झाला? स्थानिक परिषदेने २०२१ मध्ये घरटंचाईची आणीबाणी जाहीर केली. फेब्रुवारी २०२२ च्या महापुराने त्या टापूतील हजारो घरे बुडाली. २०२३ च्या सरकारी मोजणीत उघड्यावर झोपणारे बायरन परिसरात ३०० आणि सिडनी शहरात २७७ आढळले. एका महानगरापेक्षा जास्त! अखेर २३ सप्टेंबर २०२४ पासून मालक राहत नसलेले घर पाहुण्यांना देण्याची मर्यादा वर्षाला १८० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. स्वतःच्या घरातली एखादी खोली देणाऱ्याला ती लागू नाही, हे योग्यच झाले. एखाद्या विधवेच्या चार पैशांवर आपला राग नाही.

मात्र किनाऱ्यालगतचे काही भाग या मर्यादेतून वगळले. जेथे खंड सर्वाधिक, तेथेच कायदा हात आखडतो! आणि साठ दिवसांच्या हंगामात वर्षाची कमाई करून उरलेले दिवस घराला कुलूप लावण्यास धनिकाला कोण अडवणार? केंद्र सरकारने तर १९९९ साली मालमत्ताविक्रीच्या नफ्याचा निम्मा भाग करमुक्त केला होता. म्हणून केवळ दिवस मोजून भागणार नाही. जमिनीच्या वाढत्या मोलावर कर बसवून त्यातून सार्वजनिक घरे बांधली पाहिजेत.

पर्यटनाने रोजगार मिळतो, असा आक्षेप येईल. मिळतो, मी नाकारत नाही. पण मजुरी त्या गावात आणि बिऱ्हाड तीस-चाळीस मैलांवर, अशा रोजगाराचा निम्मा पगार पेट्रोलात जातो.

अलिबाग तालुक्यातील चरीच्या कुळांनी १९३३ साली खोतांविरुद्ध संप पुकारला, तोही खंडासाठीच. त्या तालुक्यात आज बंगले दिवसाच्या दराने मिळतात. पुढील बैठकीस येताना किनाऱ्यावरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावात असे बंगले किती, त्यांची घरपट्टी किती आणि तेथे राबणारी माणसे कोठून येतात, एवढे लिहून आणावे. आकडे हाती आल्यावर आपण पुढचे बोलू.