वखारीच्या दारातले संशोधन

संशोधन म्हटले की मानवी जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला दूरच्या शहरातील प्रयोगशाळा आठवते. निपाणीच्या विद्यार्थ्याने प्रथम आपल्या पेठेतील वखारीकडे पाहावे.

विडी ओढल्यानेच निकोटीन शरीरात शिरते असे नाही. तंबाखूच्या ओल्या पानांतून ते कातडीवाटे शिरते, सुकी भुकटी श्वासावाटे आत जाते. यकृतात त्याचे बव्हंशी कोटिनीन होते आणि ते लघवीत मोजता येते. तेव्हा जिने जन्मात विडी ओठांस लावली नाही, केवळ वळल्या, तिच्या अंगात हे विष किती मुरले, याचा शोध घेता येईल. अर्थात घरात नवरा विडी ओढत असेल, तर त्या धुराचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. खरी परीक्षा तेथेच आहे.

यासाठी वाटा आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ साली वैद्यकाच्या पदवी-विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीची संशोधन-शिष्यवृत्ती सुरू केली; काम दोन महिन्यांचे. विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांसाठी तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमींची उन्हाळी पाठ्यवृत्ती आहे. बेळगावास १९६३ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे, तशीच पारंपरिक वैद्यकावरील परिषदेची राष्ट्रीय संस्थाही आहे.

नमुना घेण्याआधी त्या बाईची संमती हवी, आणि तीही तिला उमजेल अशा भाषेत. मराठी आणि कानडी दोन्ही जिभेवर असलेल्या सीमाभागातील मुलामुलींचे हे भांडवल मी लहान मानीत नाही. ‘मालकाला कळले तर काम सुटेल का?’ हा प्रश्न ती त्यांनाच विचारील.