टेपर म्हणजे मेणबत्ती

आपल्या बुलढाण्यात कुठल्याही सलूनमध्ये बसा, शेजारचा पोरगा म्हणणारच, "दादा, टेपर फेड मार." म्हणजे वर केस दाट आणि कानामागून मानेकडे येताना बारीक होत होत संपलेले. मराठीत याला झकास शब्द आहे, निमुळता. पोळ्याला साळलेलं बैलाचं शिंग आठवा.

गंमत अशी, की टेपर हा मुळात आकाराचा शब्दच नव्हता. जुन्या इंग्रजीत टेपर म्हणजे मेणबत्ती. भाषातज्ज्ञांच्या मते तो बहुधा 'पपायरस'वरून आला. ज्या लव्हाळ्यापासून इजिप्तमध्ये लिहायचे कागद करत, त्याच्याच गाभ्याची वात व्हायची. म्हणजे पेपर आणि टेपर चुलतभाऊ! वात मेणात पुन्हापुन्हा बुडवली की मेण खाली ओघळतं. बूड जाड, टोक बारीक. त्यावरून सुमारे चारशे वर्षांपूर्वी 'निमुळतं होणं' हा अर्थ आला आणि १९व्या शतकात 'हळूहळू कमी करणं'.

या शेवटच्या अर्थाने आपला रुपयाही हलवलाय. अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह महिन्याला ८५ अब्ज डॉलरचे रोखे घेत होती. मे २०१३मध्ये बेन बर्नान्के नुसतं म्हणाले, की ही खरेदी कमी करू शकतो. ऑगस्टात डॉलर ६८ रुपयांच्या पुढे. कारणं आपलीही होती, पण बाजाराने नाव ठेवलं 'टेपर टँट्रम'.

मला मात्र हा शब्द भिडला तो आजीच्या चिठ्ठीवर. स्टेरॉइडच्या गोळ्या, दोन महिन्यांच्या, खाली इंग्रजीत एकच शब्द: टेपर. आपल्याकडे नियम काय? बरं वाटलं, गोळी बंद. इथं तेच धोक्याचं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतात. गोळी अचानक तोडली तर त्या लगेच कामाला लागत नाहीत. थकवा, उलट्या, चक्कर, बीपी एकदम खाली, जिवावरही बेततं. म्हणून डोस डॉक्टर सांगतील तसाच, टप्प्याटप्प्याने उतरवायचा.

आजीला समजावलं तर म्हणाली, "म्हन्जे वासराचं दूध तोडतो तसं, हयूहयू."

अगदी तसंच. आता डॉक्टरांकडून आठवडेवार डोस मराठीत लिहून घेतलाय आणि कागद कॅलेंडरवर चिकटवलाय. तुमच्या घरच्या चिठ्ठीवर हा शब्द दिसला, तर मेडिकलवाल्याला नको, डॉक्टरांनाच विचारा: कोणत्या तारखेपासून किती?