गाडीवाल्यांच्या एटीएमवर ब्रेल

अमेरिकेत गाडीत बसूनच पैसे काढायची एटीएम असतात, आणि त्यांच्या बटणांवरही ब्रेलचे ठिपके. ‘गाडी काय आंधळा चालवणार?’ असं म्हणून लोक हसतात. अहो, मागच्या सीटवर अंध माणूस बसलेला असू शकतो की!

खरं हसू यावं ते वेगळ्याच पाट्यांवर. ब्रेल म्हणजे सहा उठावदार ठिपक्यांचा खेळ; आपल्या परभणीचा ‘प’ पहिल्या चार ठिपक्यांचा. पण काही बहाद्दर हे ठिपके सपाट कागदावर नुसते छापतात, वर काच बसवतात. बोटाला लागते ती गुळगुळीत काच. पाटी दिसते फक्त डोळसांना, आणि त्यांना ब्रेल येत नाही!

नीट केलेलं काम बघायचं तर मतदानयंत्र आठवा. बटणाशेजारी ब्रेलमध्ये क्रमांक असतो. ब्रेलमधली उमेदवारांची यादी आधी वाचून अंध मतदार आपलं मत आपल्या बोटानं देतो.

तेव्हा दुकानदार, शाळा, कार्यालयं, सगळ्यांना विनंती: ब्रेल पाटी लावण्याआधी ती एखाद्या अंध वाचकाकडून जरूर वाचून घ्या.