वादकाचा मालक कोण?



व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस बोलावला म्हणजे तो संप, बोनस आणि महागाई यांवरच बोलणार, असे आपण धरून चालता. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी 'फिरते वादक' असे सांगितले, तर त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मी संगीताचा जाणकार नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील कपाटाने आणि सार्वजनिक वाचनालयाने केले, आणि त्यात रागशास्त्र नव्हते. परंतु पगारपत्रक मला वाचता येते. वादकाचेही एक पगारपत्रक असते आणि ते फारसे कोणी पाहत नाही.

युरोपात शास्त्रीय संगीताचा वादक पूर्वी राजेरजवाड्यांच्या पदरी असे. धनी जाईल तिकडे वाद्य उचलून जायचे. हायडन हा थोर रचनाकार हंगेरीतील एस्टरहाझी सरदारांचा नोकर होता. उन्हाळ्यात सरदार आपल्या दूरच्या महालात मुक्कामाला जाई, आणि बहुतेक वादकांची बायकामुले मागे आयझेनश्टाटला राहत. १७७२ साली हा मुक्काम लांबतच चालला. हायडनने अर्ज लिहिला नाही, सिंफनी लिहिली. तिच्या अखेरच्या भागात एकेक वादक आपले वाजवणे संपवतो, मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. शेवटी दोन व्हायोलिने उरतात. सरदाराला अर्थ कळला आणि दुसऱ्याच दिवशी मंडळी घरी निघाली, असे सांगतात. काम बंद करण्याचा इतका सुरेल नमुना आमच्या चळवळीच्या इतिहासात मला तरी सापडलेला नाही!

पण मेणबत्ती विझवून निघून जायला पायाखाली जमीन लागते. बोटीवरच्या वादकाला ती सोय नाही.

'टायटॅनिक' बोट १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे बुडाली आणि तिच्यावरचे वादक बोट बुडेपर्यंत वाजवत होते, ही गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. चित्रपटांनी ती घरोघर नेली. ते आठजण होते, आठहीजण गेले. शेवटची चाल कोणती, यावर वाचलेल्यांच्या साक्षी जुळत नाहीत, आणि त्या वादावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. माझा प्रश्न निराळा आहे. हे आठजण नोकर कोणाचे होते?

प्रमुख होता वॉलेस हार्टली, वय ३३, लँकेशायरमधील कोल्न गावचा. तो आधी ऑपेरा कंपनीबरोबर गावोगाव हिंडला होता, मग 'लुसिटानिया' आणि 'मॉरेटानिया' या बोटींवर वाजवत होता. जॉर्ज क्रिन्स हा बेल्जियमचा, लिएज येथील संगीत विद्यालयात शिकलेला. चेलो वाजवणारा रॉजे ब्रिकू फ्रान्सचा. जॉक ह्यूम स्कॉटलंडमधील डम्फ्रीजचा, अवघा २१ वर्षांचा. आज हॉटेलात, उद्या समुद्रकाठच्या हवा खाण्याच्या गावी, परवा बोटीवर, असा हा धंदा. हंगाम संपला की हातात वाद्य आणि खिशात काही नाही. त्यामुळे बोटीवरची नोकरी चांगली वाटे. जेवणखाण फुकट आणि प्रवाशांची बक्षिसी वर. बदल्यात जेवणाच्या वेळी, चहाच्या वेळी आणि रात्री वाजवायचे. कंपनीच्या छापील यादीत ३५२ चाली होत्या. प्रवाशाने नुसता आकडा सांगायचा आणि वादकाने ती चाल वाजवायची. ऑपेराही आला आणि नाचाची धूनही आली.

आता पगारपत्रकाकडे येऊ. पूर्वी बोटीवरच्या वादकाला महिन्याला साडेसहा पौंड आणि गणवेशाचा भत्ता मिळे. पुढे लिव्हरपूलच्या ब्लॅक बंधूंच्या एजन्सीने एकेका बोट कंपनीशी करार करून वादक पुरवण्याचा मक्ता घेतला. वादक तेच, बोटी त्याच. पण आता एजन्सीच्या दारातून गेल्याशिवाय काम नाही. पगार चार पौंडांवर आला आणि गणवेशाचा भत्ता बंद झाला. कारखान्याच्या गेटवर ज्यांनी कंत्राटी मस्टर पाहिले आहे, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. मला वाटले ते एवढेच, की व्हायोलिनलाही मुकादम भेटतो!

इंग्लंडात वादकांची युनियन १८९३ पासून होती. जोसेफ विल्यम्स नावाच्या वादकाने ती मँचेस्टरला उभी केली. तिने या कपातीविरुद्ध बोट कंपनीकडे दाद मागितली. तोवर निदान नाममात्र एक शिलिंगावर वादकांची नावे खलाशांच्या पटावर चढत. तक्रार गेली, आणि कंपनीने ती नावे पटावरूनच काढली. वादक आता दुसऱ्या वर्गाचे प्रवासी म्हणून जाऊ लागले. टायटॅनिकवरचे आठहीजण एकाच तिकिटावर चढले. वाजवणार कंपनीच्या बोटीवर, गणवेशाची बटणे कंपनीची, हुकूम कंपनीचा. कागदोपत्री मात्र प्रवासी.

बोट बुडून दोन आठवडे उलटतात न उलटतात तोच, ३० एप्रिलला, ह्यूमच्या वडिलांना एजन्सीचे पत्र आले. मुलाच्या गणवेशाचे १४ शिलिंग ७ पेन्स येणे आहे, ते भरावे. महिन्याला चार पौंड म्हणजे ८० शिलिंग. हिशोब केला तर हे बिल साडेपाच दिवसांच्या मजुरीचे होते. त्या सदऱ्या-कोटासकट पोरगा अटलांटिकमध्ये गेला होता. युनियनने ते पत्र आपल्या मासिकात जसेच्या तसे छापले, टीका जोडली नाही. तशी गरजही नव्हती.

मग नुकसानभरपाई. इंग्लंडात १९०६ चा कामगार भरपाईचा कायदा होता. वारस बोट कंपनीकडे गेले. कंपनी म्हणाली, ते आमचे नोकर नव्हत, एजन्सीकडे जा. एजन्सीने विमा उतरवला होता. विमेवाले म्हणाले, हे कायद्याच्या अर्थाने कामगारच नव्हेत. प्रकरण कोर्टात गेले आणि दावा बुडाला. अखेर जी काही मदत मिळाली ती लोकांच्या वर्गणीतून जमलेल्या निधीतून.

सन्मानात मात्र काही कमी नव्हते. २४ मे १९१२ रोजी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये जवळपास ५०० वादकांनी त्यांच्या स्मरणार्थ जलसा केला. एल्गार आणि हेन्री वुड यांच्यासारखे संचालक उभे राहिले. हार्टलीच्या अंत्ययात्रेला कोल्नमध्ये हजारोंनी लोक लोटले. मी त्या सन्मानाची चेष्टा करीत नाही. ज्या वादकांनी तिथे वाजवले त्यांना आपले भाऊबंद गेल्याचे दुःख खरेच होते, आणि पैसेही वारसांसाठीच जमवायचे होते.

तुम्ही म्हणाल, हे साहेबांच्या देशातले झाले. आपल्याकडेही गोव्याचे वादक व्हायोलिन, ट्रम्पेट घेऊन मुंबईत आले. धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या कुडांत, बोटीवर जाणाऱ्या तारवट्यांच्या शेजारी पेटी ठेवून राहिले. मुक्या चित्रपटांच्या वेळी पडद्यापुढे बसून वाजवणे ही त्यांची एक भाकरी होती. १९३१ साली 'आलम आरा' बोलू लागला आणि ती भाकरी गेली. आणि आपला शास्त्रीय गवई बोटीवर फारसा नसला, तरी त्याचे आयुष्य आगगाडीत गेले. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेचे. ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना छातीत दुखू लागले म्हणून सिंगपेरुमाळ कोविल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले आणि तेथेच, फलाटावर, त्यांनी देह ठेवला. वय पासष्टच्या घरात होते, आणि पुढच्या गावी गाणे ठरलेले होते.

खाँसाहेबांचे नाव तरी राहिले. त्यांच्यासारख्यांच्या मागे तंबोऱ्यावर बसणारे, तबला उचलून डब्यात चढणारे, त्यांचे काय? बिदागी ठरते ती मुख्य कलावंताशी. साथीदाराला किती मिळायचे ते बहुधा त्याच पाकिटातून ठरते, आणि वाटेत हात मोडला तर मालक कोण, हा लिव्हरपूलच्या कोर्टातलाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. याच मंडपात अधूनमधून गाण्याचीही बैठक होते. चिटणीसांना माझे सांगणे एवढेच, की पुढच्या बैठकीच्या जमाखर्चात साथीदारांची नावे आणि रकमा वेगळ्या ओळींवर लिहाव्यात, आणि सही त्यांचीच घ्यावी.