वेशीपलीकडे गेलेला आवाज

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात बीड येथे केलेले भाषण)



मी कोणी वक्ता नाही. दिवसभर बँकेच्या काउंटरवर बसून लोकांच्या पासबुकात नोंदी करणारा एक कारकून आहे. परंतु एक नोंद माझ्याच हातून पुसली गेली. ती आज आपल्यासमोर सांगायची आहे.

माझे वडील अण्णा ऊसतोड कामगार होते. दसरा झाला की मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यावर जायचे. आम्ही मुले आजीजवळ गावी राहायचो. कारखान्याचा पट्टा पडला की अण्णा-आई परत यायचे आणि लगेच भीमजयंतीची तयारी सुरू व्हायची. अशाच एका वर्षाच्या कमाईतून अण्णांनी कातडी कव्हर असलेला एक जुना ट्रान्झिस्टर घेतला. त्या काळी रेडिओला पोस्टाचा परवाना लागत असे. पुढे १९८० च्या दशकात तो बंद झाला. पण शिक्के मारलेले ते पुस्तक अण्णांनी ट्रंकेत जपून ठेवले होते. सेल उतरले की आजी ते उन्हात वाळत घालायची, मग तो आणखी दोन दिवस बोलायचा.

मित्रहो, आमच्या घरात रेडिओ म्हणजे परभणी आणि औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. रात्री मध्यम लहरी लांबवर पोचतात, म्हणून अंधार पडल्यावर मुंबई केंद्रही लागायचे; ‘आपली आवड’ ऐकायला शेजारची माणसे अंगणात जमायची. खरखर एवढी की कित्येक गायकांचे शब्द कळत नसत. पण एक आवाज त्या खरखरीतूनही स्वच्छ यायचा. तो आवाज प्रल्हाद शिंदे यांचा.

१९३३ साली जन्मलेल्या या गायकाने भजन-कीर्तनाचा संस्कार आणि कव्वालीची फेक एकाच गळ्यात नांदवली. मोकळा गळा, वरची पट्टी, आणि प्रत्येक शब्द खणखणीत. लाउडस्पीकर नसतानाही शेवटच्या माणसापर्यंत पोचण्याची सवय असलेला तो आवाज होता. म्हणूनच आमच्या लहानशा ट्रान्झिस्टरच्या स्पीकरलाही तो पेलायचा.

पहाटे रेडिओवर त्यांची विठ्ठलाची गाणी लागत. दत्ता पाटील यांनी लिहिलेले आणि मधुकर पाठक यांनी संगीत दिलेले ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ कोणी ऐकले नाही? गावातल्या मोठ्या वाड्यात तेच गाणे, आणि आमच्या वस्तीतही तेच. मात्र जयंतीच्या दिवशी कर्ण्यावर हाच आवाज बाबासाहेबांची गाणी गायचा. लहानपणी मला वाटे, ही दोन वेगवेगळी माणसे असावीत.

पुढे मी कॉलेजात गेलो. विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ साली झाला, त्यानंतरचे ते दिवस. डोक्यात चळवळ होती, वाचन होते आणि खरे सांगायचे तर थोडी घमेंडही होती. पहाटे अण्णा ती भक्तिगीते ऐकत बसले की मला राग यायचा. एकदा मी म्हणालो, “अण्णा, १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. आपण अजून विठ्ठलाचं ऐकायचं?”

अण्णा चिडले नाहीत. म्हणाले, “आरं, मी कुठं हात जोडलेत? आपल्याला वाड्यात बस म्हणून कोण म्हणतं? पण ह्याचा आवाज रोज पहाटं वाड्यात जाऊन बसतो. तेवढं तरी ऐकू दे.”

मी गप्प बसलो, पण पटले नव्हते.

अण्णांनी उसन्या टू-इन-वनवर रेडिओवरची एक कॅसेट भरून ठेवली होती. गाण्याआधी निवेदिकेने ‘गायक प्रल्हाद शिंदे’ असे नाव घेतलेले होते. सरकारी रेडिओवर आपल्या माणसाचे नाव मानाने घेतले जाते, हे त्यांना पुन्हा पुन्हा ऐकायचे असे. मध्येच त्यांचा खोकला होता आणि चहा झाल्याची आजीची हाकही होती. मला वक्तृत्व स्पर्धेची तयारी करायची होती. कोरी कॅसेट नव्हती. मी त्याच कॅसेटवर माझे भाषण भरले. विषय होता, ‘सांस्कृतिक परिवर्तन’!

अण्णांना कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “भाषण चांगलं झालंय.”

२००४ साली १५ मे रोजी वामनदादा कर्डक गेले आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे गेले. दीड महिन्याच्या आत आंबेडकरी गाण्याचे दोन आधारवड कोसळले. त्या दिवशी अण्णांनी रेडिओ लावला नाही. आज अण्णाही नाहीत. आनंद, मिलिंद आणि आदर्श शिंदे यांनी घराण्याचे गाणे पुढे नेले आहे. प्रल्हाद शिंदे यांचे गाणे तर मोबाइलवर क्षणात मिळते. पण ते निवेदन, तो खोकला आणि आजीची ती हाक कुठे मिळणार?

बंधूंनो, मी आजही माझ्या प्रतिज्ञांवर ठाम आहे. पण अण्णांचे म्हणणे आता कळते. ज्या वेशीच्या आत आमच्या माणसांना मानाने पाऊल टाकता येत नव्हते, ती वेस या आवाजाने रोज ओलांडली. आवाजाला आत घेतले, माणसाला मात्र बाहेर ठेवले. हा दोष गाणाऱ्याचा नव्हता.

म्हणून एक विनंती करतो आणि थांबतो. बँकेत आम्ही जुनी खातेवहीसुद्धा विचारल्याशिवाय रद्दीत टाकत नाही. तुमच्या घरातल्या ट्रंकेत, माळ्यावर जयंतीच्या, लग्नाच्या, गायन पार्ट्यांच्या कॅसेट असतील. त्या टाकू नका, आणि त्यांच्यावर दुसरे काही भरू नका. आपल्या संस्थेच्या वाचनालयात आणून द्या. गाणाऱ्याचे, लिहिणाऱ्याचे, ढोलकी वाजवणाऱ्याचे नाव चिठ्ठीवर लिहा. नवीन यंत्रावर उतरवून घेण्याचे काम मी सुट्टीच्या दिवशी करीन. माझ्याकडून एक कॅसेट येणे आहे, ती बाकी मला अशीच थोडी थोडी फेडायची आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!